माय, ते हाताने लागत नसतं

माय,

परवा बुलढाण्याला एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आजी, तुमच्या घरात आधी कुणाला होतं का हे?" आणि मी म्हणाले, "माझ्या आईला होतं." बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे बोलले नव्हते. तुझ्या जावयापुढे नाही, पोरांपुढे नाही, दुकानात दिवसभर बसून जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या बायांपुढे तर नाहीच नाही. बाईंनी ते कागदावर टिपून घेतलं, मी ब्लाउजचं माप टिपते तसं. त्यांनी भुवई वर केली नाही की खुर्ची मागे सरकवली नाही. माझी सून शेजारी बसली होती, तिने मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि आमच्या दोघींच्या मध्ये माझी नात, म्हणजे तुझी पणती, फ्रॉक वर घेऊन गुडघे दाखवत बसली होती. त्या गुडघ्यांवर पांढरे डाग होते. मी ते ओळखले. नात्यातलं माणूस बाजारात पाठमोरं दिसलं तरी ओळखू येतं ना, तसे.

तेव्हापासून मशीनवर बसते तरी टाका सरळ पडत नाही. एका नवरीच्या ब्लाउजच्या बाह्या अजून लावायच्या राहिल्यात. तिची आई उद्या येऊन बोंबलेल, बोंबलू दे. मला आधी तुझ्याशी बोलायचं आहे. सांगायचं आहे ते एका ओळीचंच आहे, पण ती एक ओळ मला अख्ख्या आयुष्याला पुरून उरली. ते हाताने लागत नाही, माय. कोड हाताने लागत नाही, ताटाने लागत नाही, अंथरुणाने लागत नाही, एकमेकीच्या कंगव्याने लागत नाही. मी शाळकरी पोर होते तेव्हापासून तू जाईपर्यंत तू मला हात लावला नाहीस, त्याची काही म्हणजे काही गरज नव्हती.

डाग यायच्या आधीची तू मला चांगली आठवतेस, आणि तिथेच दुखतं. आठवत नसतीस तर बरं होतं. धाडजवळचं आपलं गाव, गावाबाहेरचा मळा, मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि सगळ्यांत जास्त मिरची. मिरची तोडून आलीस की तुझे हात किती धुतले तरी तिखटच राहायचे. तू माझं नाक पुसलंस की माझे ओठ आणि डोळे चुरचुरायचे, मी गाव गोळा करायचे, आणि तू खदाखदा हसायचीस. "मिरचीवालीची पोर अन् तिखटाले भेते!" असं म्हणून गाडग्यातलं लोणी बोटावर घेऊन माझ्या ओठांना चोळायचीस. त्याच बोटाने. म्हणजे आग पुन्हा सुरू. मग आपण दोघी हसायचो. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तेल लावून घेताना मी हजार तक्रारी करायचे, केस ओढतेस म्हणून, उशीर लावतेस म्हणून. कुणी तेव्हा सांगितलं असतं की या ओढण्यासाठी मी जन्मभर तरसेन, तर गप बसले असते.

मराठी मुलखाचं नवं राज्य झालं त्या उन्हाळ्यात शाळेत आम्हाला गूळ-फुटाणे वाटले होते. मी मूठ मिटून पळत घरी आले, तुला द्यायला. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस. हात पुढे करतेस, आणि बांगड्यांच्या खाली मनगटावर मला पिठाचा ठिपका दिसतो. मी तो पुसायला जाते. तो पुसला जात नाही. मग तू पदराने पुसतेस, पाणी लावतेस, चुलीतली राख घेऊन घासतेस. कातडी लाल होते आणि लाल कातडीच्या मधोमध तो ठिपका तसाच. भाकरी तव्यावर करपली, तिचा वास सुटला, तेव्हा आत्या आतून ओरडली, "काऊन वं, ध्यान कुठी हाये?" आत्या, म्हणजे दादांची मोठी बहीण, विधवा होऊन आपल्याकडेच राहिलेली, तू तिला आक्का म्हणायचीस. गूळ तोंडात टाकलास आणि मला म्हणालीस, "गोड हाये." तुझा चेहरा मी त्या वेळी नीट पाहिला नाही, लहान होते, फुटाणे मोजण्यात होते.

पुढच्या वर्षभरात डाग जिथे बांगड्या घासतात तिथे आले, लुगड्याची गाठ काचते तिथे कमरेला आले, वहाणेच्या पट्ट्याखाली आले, ओठांच्या कोपऱ्यांना आले. गाव काय काय म्हणत होतं ते तुला ठाऊक आहे, मी पुन्हा लिहीत नाही. कुणी मागच्या जन्मावर गेलं, कुणी दुधात मीठ खाल्लं असेल म्हणालं, आणि ज्याला काहीच सुचलं नाही त्याने सरळ महारोग म्हणून टाकलं. धाडच्या आठवडी बाजारात तू नेहमी दादांच्या शेजारी बसून भाजी मोजायचीस, तुझा हात सैल म्हणून बाया तुझ्याकडेच यायच्या. मला तो दिवस दिसतो. एक म्हातारी वांगी निवडते, तू तागडीतून तिच्या थैलीत टाकायला जातेस, आणि ती थैली मागे घेते. वाईट नव्हती बिचारी, गोडच बोलली. "राहू दे माय, तू काऊन तरास घेतं, दादाले टाकू दे." दादांनी टाकली. तू हात पदराखाली घेतलास. पुढच्या बाजाराला तू आली नाहीस, आणि मग कधीच आली नाहीस. मळ्यात राहिलीस, मिरचीत.

त्याच बाजारात झाडपाला विकणारा एक बाबा बसायचा. दादांनी त्याला विचारलं तेव्हा मी दादांचा सदरा धरून उभी होते. तो दादांशी नाही, माझ्याकडे पाहून बोलला. "लेकराले जपा. मायच्या हाताचं लेकराले लवकर लागते." एवढंच. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही; औषधाची पुडी दिली असेल नसेल, ते आठवत नाही. दादांनी घरी येऊन तुला ते सांगितलं. आता वाटतं, त्यांनी कशाला सांगावं? पण ते साधे होते, ऐकलेलं सगळं घरी आणून ओतायचे, पिशवीतली भाजी ओतावी तसं. त्या संध्याकाळी तू मला जेवायला वाढलंस ते ताट जमिनीवरून माझ्याकडे सरकवून. मला वाटलं, खेळच आहे काहीतरी. मी ताट परत तुझ्याकडे सरकवलं. तू हसली नाहीस.

दादांनी तुझ्यासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. मिरची विकून आलेल्या पैशात तुला खामगावला घेऊन गेले, एका नावाजलेल्या वैद्यांकडे. त्यांनी बावचीचं बी दिलं, वाटून डागांवर लावायचं आणि उन्हात बसायचं. परतल्यावर तू आत्याला सांगत होतीस, "सकाळचं कवळं ऊन घ्या म्हने, थोडंसंच." थोडंसं म्हणजे किती, ते तुला पटलं नव्हतं. तू मिरची पिकवणारी बाई. अर्धी हिरवी मिरची खळ्यावर पसरली की चार उन्हांत लाल होते, हे तू जन्मभर पाहिलेलं. उन्हाने रंग चढतो, यात तुला शंकाच नव्हती. फाल्गुनातलं ऊन, मळ्यातलं खळं लालभडक, आणि त्या मिरच्यांच्या कडेला तू भर दुपारी हात उताणे ठेवून बसली आहेस. मी शाळेतून येऊन बांधावर उभी राहते. तू मला लांबूनच सांगतेस, "पाह्य, मिर्चीले रंग येते तं मले काऊन नाही येनार?" इतकी आशा मी तुझ्या आवाजात पुन्हा कधी ऐकली नाही. रात्रीतून फोड आले. मनगटापासून कोपरापर्यंत, पाणी भरलेले. आत्याने दुधाची साय लावली, तोंडाने शिव्या देत होती आणि डोळ्यांतून पाणी काढत होती. फोड बसले तेव्हा खालची कातडी पार पांढरी निघाली, जिथे आधी डाग नव्हता तिथेही. मिरची जास्त दिवस उन्हात राहिली की पांढरी पडते, ती निवडून वेगळी टाकावी लागते, हे तुझ्याइतकं गावात कुणाला कळत होतं? पण स्वतःचं दुखणं आलं की माणसाला आपलीच विद्या आठवत नाही. त्यानंतर तू औषध म्हणून काही घेतलं नाहीस.

आणि मग मला दूर ठेवणं हेच तुझं औषध झालं. माझी वेणी आत्या घालायची. मला न्हाऊ आत्या घालायची. माझं अंथरुण आत्याच्या शेजारी गेलं. मला कुणी काही समजावलं नाही. पोरांना काय सांगायचं असतं, त्या काळात! मी माझ्या परीने शोध लावला, की मी काहीतरी केलं असणार, म्हणून माय रागावली आहे. एकदा मी ताप आल्याचं सोंग केलं. दुपारी शाळेतून येऊन गोधडीत शिरले, कण्हले, डोळे मिटून पडले. तू धावत आलीस, मला तुझ्या पायांचा आवाज कळला, दारापर्यंत आलीस आणि थांबलीस. मी पापण्यांच्या फटीतून पाहत होते. तू चौकट धरून उभी, आणि हाक मारतेस ती आत्याला. "आक्का, पाहा बरं पोरीचं आंग तापलं काय." आत्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काही नाही, नाटकं करून राह्यली." तू दारातच खाली बसलीस. मी खरोखरीची रडायला लागले, तेव्हा आत्याला वाटलं, चोरी पकडली म्हणून रडते.

आणखी एक दिवस. तो लिहू की नको, असं झालं होतं. तू मळ्यात वाकून मिरची तोडत होतीस आणि मी मागून येऊन तुझ्या कमरेला मिठी मारली. घट्ट. तुझ्या पाठीला कान लावला. एक क्षण तू तशीच राहिलीस, मला पक्कं आठवतं, तू ताबडतोब नाही ढकललंस. मग ढकललंस. मी सरीत पडले. "दूर हो! किती खेपा सांगतलं तुले! मरायचं हाये काय?" माझा गुडघा फुटला. तू पुढे आलीस, हात पुढे केलास, आणि तो हात तसाच हवेत धरून दादांना हाका मारायला लागलीस. त्या दिवसानंतर मी तुझ्या जवळ येणं सोडलं. पोरगी होते तरी मानी होते मी. मनात म्हटलं, नको तर नको.

लग्न ठरायच्या वेळी मलकापूरचे लोक मला पाहायला आले, आणि तू सकाळीच मळ्यात निघून गेलीस. आत्याने मायची जागा घेतली. हळदीला बाया जमल्या तेव्हा तू धान्याच्या कोठीपाशी उभी होतीस, सवाष्ण असून. पाठवणीला सगळ्या माझ्या गळ्यात पडल्या, ज्यांचं माझं कधी पटलं नाही त्या सुद्धा, आणि तू अंगणाच्या कडेला उभी राहून म्हणालीस, "जाय बाई, सुखानं राह्य." मी मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर राग टिकला नसता.

पण माझ्या मनात सगळ्यांत खोल रुतलं ते पुढचंच. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. तू निरोप धाडलास, तिकडेच होऊ द्या, इथं सोय नाही. आणि बाळासाठी जे गाठोडं पाठवलंस त्यात सगळं कोरं. आपल्याकडे बाळाला आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळतात, वापरून वापरून मऊ झालेल्या. त्याचीच दुपटी, त्याचीच गोधडी. गरिबातली गरीब माय एक जुनं लुगडं फाडून देते. तू बाजारातून खळ असलेलं करकरीत कापड घेतलंस आणि आत्याकडून शिवून पाठवलंस. बाळाची कातडी त्याने लाल झाली. सासूने गाठोडं उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "तुया मायच्या घरी एक जुनं लुगडं नाही काय वं?" मी तिच्याच जुन्या लुगड्यात पोराला गुंडाळलं. तू त्याच हिवाळ्यात गेलीस. तुझ्या सांगण्यावरून तुझी सगळी लुगडी जाळली, माझ्यासाठी एक चिंधीही ठेवली नाही.

तेराव्याला आत्याने मला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. बाजारातल्या त्या बाबाच्या शब्दांचं, आणि मला हात लावणार नाही या तू देवापुढे केलेल्या बोलीचं. "तुले लागू नये म्हनून तिनं हात आवरला पोरी. तिचा जीव तुयात होता. तू निजली की तुयी चप्पल हातात घेऊन बसे, धूळ झाडे." माय, मी तिथे कशी रडले ते तू पाहिलं नाहीस. पण रडून झाल्यावर मला आधार मिळाला. कारण माझ्या अंगावर डाग नव्हते. मग एकेक वर्ष गेलं, माझं अंग स्वच्छच राहिलं, पोरांचंही, आणि मी मनाशी पक्कं केलं की हे तुझ्यामुळे. तू माझ्यावरून तुझे हात ओवाळून टाकलेस आणि मी वाचले. त्या एका समजुतीवर मी तुला माफ केलं, तुझा फोटो नव्हता तरी मनात फोटो लावला, आणि आयुष्य काढलं. दुकानात कधी कधी अशी बाई येते, पदर लपेटून, हळूच सांगते, बाह्या मनगटापर्यंत ठेवा. मी काही विचारत नाही. मापाचा जुना ब्लाउज घेऊन या म्हणते, म्हणजे तिला अंगावर माप द्यायला नको, लाज वाटायला नको. असल्या ब्लाउजची शिलाई मी आजवर घेतली नाही.

आणि परवा ती डॉक्टरीणबाई, माझ्या पोरीच्या वयाची, नातीच्या गुडघ्यावरून बोट फिरवत काय सांगते! त्यांचं बोट मी पाहत होते. उघडं बोट, अगदी सहज. म्हणाल्या, "आजी, कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. आणि अंगात राखणदार असतात, बाहेरचा जंतू आला की त्याला मारणारे. काही लोकांमध्ये हे राखणदार चुकतात आणि घरच्याच माणसाला चोर समजून मारतात. रंगाच्या पेशी मेल्या की तिथे पांढरं पडतं. हा काही कुष्ठरोग नाही, आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही." मी विचारलं, "हात लावल्याने?" "नाही." "एका ताटात जेवल्याने? शेजारी निजल्याने? वापरलेलं लुगडं पांघरल्याने?" त्या हसल्या, "आजी, कशानेच नाही." सून मला कोपराने डिवचत होती, की पुरे आता.

मग त्यांनी ते सांगितलं. या राखणदारांच्या चुकण्याचा कल रक्तातून येतो, आईबापाकडून, आजी-पणजीकडून. एकच एक गोष्ट नसते, बारीकसारीक पुष्कळ असतात, आणि ज्याच्यात कल असतो त्या प्रत्येकाला डाग येतातच असं नाही. एखादी पिढी कोरीही जाते. काही जणांमध्ये कातडी घासली, भाजली, खरचटली की तिथे डाग उठतो. म्हणून नात पडून गुडघे सोलले तिथे आला. मला तुझ्या बांगड्या आठवल्या, लुगड्याची गाठ आठवली, बावचीचे फोड आठवले. राख घेऊन तू घासत होतीस ते आठवलं. मी म्हटलं, "म्हणजे मला आईकडून यायचं ते..." त्या म्हणाल्या, "ते तुम्ही जन्माला यायच्या आधीच आलं असणार. नंतर काही करून थांबत नाही."

तिथल्या तिथे माझ्या हातातून सगळं गेलं, माय. तुझं ते व्रतच फुकट गेलं. तू मला द्यायचं ते पोटातच देऊन बसली होतीस, आणि मला वाचवायला म्हणून जे राखून ठेवलंस त्याने मी वाचले नाही, नुसती पोरकी झाले. मला त्या बाजारातल्या बाबाचा राग आला, दादांचा आला, पण खरं सांगते, सगळ्यांत जास्त तुझा आला. एखाद्या दिवशी तरी तू विसरायचं होतंस. पोर निजल्यावर चप्पल कशाला झाडत बसलीस, केसांवरून हात फिरवायचा होतास.

बाईंनी नातीच्या रक्ताची तपासणी लिहून दिली, थायरॉईडची. म्हणाल्या, हे डाग असणाऱ्यांमध्ये कधी कधी ते दुखणंही निघतं, तेही राखणदारांच्याच चुकण्याने. मी म्हटलं, त्याची गोळी तर मी कितीतरी वर्षं सकाळी उपाशीपोटी घेते. त्यांनी मान हलवली, आणि विचारलं, आईला आणखी काही त्रास होता का. तेव्हा मला तुझी शेवटची वर्षं दिसायला लागली. वैशाखातही घोंगडी घेऊन बसायचीस. तोंड सुजलेलं, आवाज जाड झालेला, केस मूठमूठ गळायचे. बसल्या जागी झोप यायची. बाया म्हणायच्या, डाग आल्यापासून आळशी झाली. आपण सगळे तुझ्या कातडीकडेच पाहत राहिलो, आत काय चाललंय ते कुणी पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आता खात्रीने सांगता येणार नाही आजी. पण असू शकतं." त्यांनी मला खोटं काही सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण एवढीशी गोळी, माय. मी कधी कधी घ्यायला विसरते आणि सून ओरडते, तेवढीशी.

बुलढाण्याच्या स्टँडवर मलकापूरच्या गाडीची वाट पाहत होतो तेव्हा शेजारीच धाडची गाडी लागली होती. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिकडे आता आपलं कुणी नाही. गाडीत मोताळा गेल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तू या घरात आली असतीस का?" ती म्हणाली, "नसते आले." आणि आम्हा दोघींना हसू आलं. चांगली आहे ती. खिडकीपाशी बसलेल्या पोरीला तिने ओढून मांडीवर घेतलं आणि मलकापूर येईपर्यंत तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. विचार करून नव्हे, आपोआप. मी त्या हाताकडे पाहत होते. सुनेचा असा हेवा कुणी केला नसेल.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, कुणाला वाचूनही दाखवणार नाही. पत्ता तरी काय घालू? पण एक उरलं आहे, ते सांगून थांबते. त्याच रात्री नातीला बाईंनी दिलेलं मलम लावायचं होतं. सून स्वयंपाकात होती, मला म्हणाली, तुम्ही लावा. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, बोटावर घ्या आणि हलकेच लावा. मी स्वतः ऐकलं होतं, एकदा नाही, तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतली होती. पोर माझ्यासमोर पाय पसरून बसली. मी ट्यूब उघडली, बोटावर मलम घेतलं, आणि बोट पुढे जाईना. मी उठले आणि कपाट उघडून शोधायला लागले. पोरीने विचारलं, "आजी, काय शोधतेस?" मी म्हटलं, "कापूस."

सगळं कळलेलं होतं, माय, आणि तरी मी कापूस शोधत होते. मग कपाट लावून घेतलं, तिच्यापाशी खाली बसले आणि बोटानेच मलम लावलं. पण मधला तो वेळ गेला तो गेला. पोरीला काही कळलं नाही. तुझ्यावरचा राग मात्र तिथेच कपाटापाशी गेला. कापसाचं मी सुनेला सांगितलेलं नाही.